निडीच्या शेतातली छत्री

चि. रेवा आणि चि. अर्णव,

आजोबांची छत्री खरंच शेतात उगवायची का, असं तुम्ही फोनवर किती वेळा विचारलंत. मी "हो" म्हणायचे आणि विषय बदलायचे. आज नीट लिहायला बसले आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात ते शेत नसेल. आयुष्यभर इंग्रजी शिकवली, तरी ही गोष्ट मला मराठीतच सांगता येते. अडेल तिथे आईला वाचून दाखवायला सांगा.

आजोबांचं रोह्याच्या बाजारात छत्र्यांचं दुकान होतं. रोह्याच्या अलीकडे, निडीजवळ रुळांना लागून एक भातशेत आहे. त्याचे मालक एका तुकड्यात जांभळ्या पानांचं भात लावत. तिकडे त्याला काळं भात म्हणतात. रानटी भाताची रोपं हिरवी, ती काळ्यात चटकन दिसतात आणि उपटता येतात, एवढाच त्याचा उपयोग. आजोबांनी गाडीतून तो काळा तुकडा पाहिला आणि घरात पाऊल टाकताच म्हणाले, "अगं, ही तर उघडलेली छत्री होईल!"

पुढच्या लावणीला त्यांनी काथ्याची दोरी आणि खुंट्या नेऊन आकार आखला. स्वतः रुळांच्या भरावावर उभे राहून "डावीकडे, अजून डावीकडे" ओरडत राहिले. हिरव्या शेतात काळी छत्री, खाली बाकदार मुठीचा दांडा. अक्षर एकही नाही, भातात अक्षरं जमत नाहीत.

"पावसात छत्रीची जाहिरात बघून छत्री घेणार कोण?" मी विचारलं होतं.

"जो आपली गाडीत विसरेल तो," ते म्हणाले. आणि खरंच, ओले झालेले लोक स्टेशनवरून थेट दुकानात येत.

दुकान बंद झालं. आजोबा गेले. तरी शेतमालकांची सून सुलभा दर वर्षी छत्री लावत राहिली, कुणी न सांगता. यंदा श्रावणात तिचा फोन आला. "काकी, दिरांनी जमीन गोदामाला दिली. सह्या झाल्या. यंदाची शेवटची. बघून जा." मला ती छत्री अजून एकदा पुरती, मुठीसकट, पाहायची होती.

पनवेलहून एसटीने पेणला उतरले. रात्री तुमच्या वसुधाआत्याआजीकडे मुक्काम होता. तिने वालाचं बिरडं केलं होतं आणि वर मिरगुंडं तळली होती. तिच्या गल्लीत गणपतीच्या कारखान्यांत रंगाचं शेवटचं काम चालू होतं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदाराने एका मूर्तिकाराकडून सुपाएवढे प्लास्टरचे दोन डोळे करून दारावर लावले आहेत. पेणमध्ये डोळे आखणारा माणूस गणपतीचेच डोळे आखणार! त्यामुळे येणारी-जाणारी माणसं चपला काढून हात जोडतात.

"जाहिरात छान आहे तुमची," मी म्हटलं.

"छान आहे हो, पण नमस्कार करून सगळे पुढे जातात. आत कोणी येत नाही," दुकानदार म्हणाला. "परवा एकीनं नारळ ठेवला."

आजोबा असते तर त्याच्याशी तासभर बोलत बसले असते. मी एकटीच हसले आणि पुढे निघाले.

सकाळी पेणहून रोह्याच्या गाडीत बसले. गाडी मोकळी होती, तरी मी चुकीच्या बाजूला बसले. नागोठणं गेल्यावर लक्षात आलं. पलीकडच्या खिडकीशी धाटावच्या कंपनीचा बिल्ला लावलेला एक माणूस पेंगत होता. त्याला विनंती केली तर म्हणाला, "छत्री बघायची ना? या, बसा." त्याला ठाऊक होती!

आणि छत्री आली. काळीभोर, पसरलेली, वाऱ्यावर हलणारी. पण खाली दांडा नव्हता. गाडी पुढे गेली तरी मी खिडकीला गाल लावून मागे बघत राहिले.

निडी स्टेशनवर सुलभा आली होती. मी उतरताच तिने तोंड पाडलं. "बघितलंत ना? मी तापानं पडले होते गो काकी. बेणणीला वाडीवरच्या नव्या बाया आल्या."

बेणणी म्हणजे भातातलं तण उपटणं. नदीकाठच्या वाडीवरच्या त्या बाया शेताच्या बांधावर भाकरी खात होत्या. त्यांतली चंद्री सगळ्यांत बोलकी.

"आमाला काय म्हाईत?" ती म्हणाली. "येगळ्या रंगाचं दिसंल ते उपटायचं, अशीच रीत हाय. मोठा काळा तुकडा ठेवला, त्यात हिरवं दिसलं ते उपाटलं. हिरव्यात ही काळी रेघ दिसली, ती पण उपाटली. इतकं साफ काम कोणी करतं काय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. दांड्याच्या जागी मोकळी पट्टी राहिली होती, चिखलाची. मी त्या पट्टीकडे बघत उभी राहिले. माझा चेहरा पाहून चंद्री उठली.

"एवढं काय मनाला लावून घेता आजी? आमीच ऱ्हातो हुब्या दांडा होऊन. काळ्या छत्र्या आणा. दुपारच्या गाडीनं बघत जा."

आधी सगळ्या हसल्या. मग दोघी खरंच गावात गेल्या आणि घराघरांतून पुरुषांच्या काळ्या छत्र्या गोळा करून आल्या. कुणाची काडी मोडलेली, कुणाची ठिगळ लावलेली. मी माझी पुढे केली.

"ती फुलाफुलाची नको गो," चंद्री म्हणाली. "दांड्याला फुलं आली म्हणतील लोक."

गाडी रोह्याहून परत येण्याची वेळ होत आली. नागोठण्यापर्यंत जायचं आणि रिक्षाने परत यायचं, असं ठरलं. सुलभा मला स्टेशनवर सोडायला निघाली. वाटेत मी सहज म्हटलं, "तुला गाडीतून कशी वाटते गं छत्री?"

"मी कवा बघितली?" ती म्हणाली. "भात उभं असतं तवा मी त्याच्यात असते. गाडीनं गेले ती उन्हाळ्यात. तवा नुसता पेंढा."

मी थांबले. इतकी वर्षं लावणारी ही, आणि हिने एकदाही पाहिली नव्हती. मला पाहायची होती, फार पाहायची होती. पण मी पूर्वी पाहिली होती, आजोबांच्या शेजारी बसून. मी तिकिटाचे पैसे आणि फोटोसाठी माझा फोन तिच्या हातात दिला.

"तू जा. मी दांड्यात उभी राहते."

"काकी, चिखल हाय."

"असू दे."

लुगडी खोचलेल्या बायांच्या मागे मी साडी वर धरून त्या पट्टीत उतरले. मला मुठीच्या वळणावर, बांधाजवळ उभं केलं. चंद्री पुढून ओरडत होती, "आजी, वाकडी ऱ्हावा! मूठ वाकडी असते!" गाडी आली. मला दिसली ती फक्त छत्रीच्या काड्यांची आतली बाजू, समोरच्या बाईची पाठ आणि भाताची पाती. छत्री जरा कलली तेव्हा भरावावरून गाडीतले चेहरे गेले. कुणीतरी शिट्टी मारली. भरावावर आजोबा उभे नव्हते. डावीकडे की उजवीकडे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सुलभा रिक्षातून परत आली. पाय धुतले, बांधावर बसली.

"मूठ आली होती का?" मी विचारलं.

"आली होती. सगळं आलं होतं." मग शेताकडे बघत म्हणाली, "काकी, आमचं शेत एवढं मोठं हाय व्हय? आतून कधी कळलंच नाय."

चंद्री छत्र्या मिटून एकावर एक रचत होती.

"आणि फोटो?" मी थोड्या वेळाने विचारलं. सुलभाने जीभ चावली. फोन तिच्या कमरेलाच खोचलेला होता.

संध्याकाळी मी रोह्याला गेले, जुन्या शेजारणीकडे राहिले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत योग्य बाजूला बसले आणि फोटो काढला. तो सोबत पाठवते. त्यात दांडा नाही. तिथे आमच्या पावलांच्या खुणांत पाणी साचलं आहे, ते चमकतं.

शेत अजून आहे. भात उभं आहे. कापणीपर्यंत छत्री दिसेल.

तुमची,
आजी