माटोळी, टिपर आणि किमान खर्च

एखादा विषय पुरेशी वर्षे शिकवला, की सूत्रे पुस्तकात राहतात आणि शिक्षकाजवळ किस्से साचतात. डिचोलीच्या एका कॉलेजात संगणकशास्त्राच्या मुलांना मी ऑपरेशन्स रिसर्च शिकवतो. म्हणजे हाती आहे तेवढ्यात उत्तम निर्णय कसा घ्यावा, याचे गणित. यंदा विभागप्रमुख केरकरबाईंनी बजावले, "पुढच्या सत्रापासून तुमच्या विषयाचा दुसरा भाग ऐच्छिक. एकाही मुलाने घेतला नाही, तर बंद!" तेव्हापासून मी वर्गाकडे अधिक कुतूहलाने पाहू लागलो.

*

पेडण्याहून येणाऱ्या रोशनला बसफेऱ्यांचे नियोजन दिले. बसची क्षमता लिहायची होती. त्याने लिहिले, 'अनंत'.

"हे काय?"

"सर, कंडक्टर अजून कोणाक नाका म्हणूंक ना. 'फाटीं वच, फाटीं वच' म्हणटा!" सगळे मागे सरकत राहिले, की बस कधी भरतच नाही.

*

मयेच्या तन्वीचे वडील खनिज वाहणारा टिपर चालवतात. तिला खाणीपासून जेटीपर्यंतचा सर्वांत स्वस्त मार्ग काढायला सांगितला. उत्तर अचूक आले, तरी ती उभीच.

"सर, हो रस्तो शाळेफुडल्यान वता. धूळ खंयच्या रकान्यांत घालूं?"

पाठ्यपुस्तकात शाळेपुढच्या धुळीचा रकाना नव्हता. मी फळ्यावर आखला.

*

चतुर्थी जवळ आली. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला फळे बांधून माटोळी करतात; तिच्यासाठी फळे किमान खर्चात कशी निवडावी, हा प्रश्न रोशनने स्वतः मांडला. श्रद्धेची चेष्टा मी खपवून घेत नाही. पण मुलगा गंभीर होता. प्रोग्राम चालला आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, हो म्हणटा माटोळी बांदूंच नाका!"

खर्च कमीत कमी हवा, एवढेच त्याने सांगितले होते; न बांधलेली माटोळी सर्वांत स्वस्त. काय असलेच पाहिजे, ते सांगायचे राहिले होते.

"अटी घाल. त्या घरून आण."

त्याने आणल्या. आईची अट, काकाची अट, शेजाऱ्याने पाठवलेला नारळांचा घोस. आता उत्तर आले, लाकडी चौकट एवढे वजन पेलणार नाही. हे अशक्य आहे. रोशनने ते घरी सांगितले.

आई म्हणाली, "अशक्य? मागीर दर वर्सा बांदतां तें कितें?"

*

सत्र संपत आले. कोणाला कोणता ऐच्छिक विषय द्यावा, ते ठरवण्याचे काम बाईंनी माझ्याकडेच सोपवले. मी ते वर्गाला दिले. पसंती तुमची, वाटपही तुम्हीच करा. तन्वी आणि रोशनने सोडवले. माझ्या विषयापुढे शून्य.

तन्वी हळूच म्हणाली, "सर, एक अट वाडयली जाल्यार तुमचो विषय उरता."

"ती अट कोणी सांगितली आहे?"

"कोणें ना."

"मग घालायची नाही."

कागद बाईंपुढे ठेवला.

"सर, शून्य? मांडणी चुकली असणार!"

"मी तपासली. चूक नाही."

"इतके नेटके सोडवले कोणी?"

"ज्यांना हा विषय नको आहे, त्यांनी."

बाईंनी कागद उलटा ठेवला आणि पुढच्या सत्राचे वेळापत्रक ओढून घेतले.

"तुमच्या विषयाला सकाळचा पहिला तास चालेल?"