साऱ्याईचा हात
सुखदेवकाकांच्या घरात साप निघाला, तर ते त्याला एकट्याने कधीच मारत नसत. काठीने दाबून धरायचे आणि आळीतल्या लोकांना हाका मारायचे. जमलेल्या प्रत्येकाने एकेक फटका द्यायचा, असा त्या गावचा रिवाज. म्हणजे पाप वाटलं जातं, एकाच्याच माथी बसत नाही. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले, त्याच आठवड्यात हे पाहिलं. मी दारात उभी, तर काठी माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या मॅडम, तुमी काहून दूर? साऱ्याईचा हात लागू द्या." मी नाही म्हटलं. शहरातून आलेली बाई, म्हणून त्यांनी मला माफ केलं असावं.

मानोऱ्याजवळच्या त्या गावात मी शाळेवर होते. काकांइतका भला माणूस तिथे शोधून सापडला नसता. कुणाच्या घरावर टिना चढवायच्या असोत की महाप्रसादाची कढई उतरवायची असो, काका आधी हजर. लाजून मागे राहिलेल्यालाही हाताला धरून पुढे आणायचे. "मानसानं एकटं पडू नाई मॅडम. कळपातून सुटलेली बकरी लांडग्याचीच." स्वतःचं असं मत मात्र त्यांना नव्हतंच. पेरणी कधी, मत कुणाला, काहीही विचारा, "चार जन करतीन तसं" हेच उत्तर. "काका, भूक तरी तुमची तुम्हाला लागते का?" असं मी चिडवायचे, आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

मग गावातल्या फोनांवर लेकरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरू लागली. आळीतल्या लेकरांना शाळेत सोडायला काका स्वतः येऊ लागले. हे सगळं खोटं आहे, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. "खोटं असतं तं सारे काहून म्हनले असते?" ते म्हणाले.

एका बाजाराच्या दिवशी मी प्रशिक्षणासाठी वाशीमला गेले होते. संध्याकाळी परतले, तर पारापुढची जागा बायका पाणी टाकून झाडत होत्या. कुणी रडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. काकूंनी नेहमीसारखा चहा ठेवला. दुपारी चादरी विकणारा एक परका माणूस गावात आला होता. त्याने एका लहान पोरीला लिमलेटची गोळी दिली, एवढ्यावरून गावातल्या तरण्या पोरांनी त्याला धरलं होतं.

काका हे सगळं पेरणीची हकिकत सांगावी तसं सांगत होते. "दोघं-तिघं पोट्टेच मारून राह्यले होते. मी म्हनलं, असं नाई. त्याईच्याच माथी पाप कायले? मंग घरोघर गेलो, साऱ्याईले बोलावून आनलं. म्हातारी गंगाबुढी नाई म्हने, तिलेबी हात धरून नेलं."

"तो माणूस कुठे आहे?"

"गेला."

समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती, पश्चात्तापही नव्हता. रोजचे सुखदेवकाका होते, आणि मला त्यांचीच भीती वाटत होती.

"काही बोलला तो?"

"पानी मांगे."

"दिलंत?"

"गडवा होता माह्या हातात, पान्यानं भरेल." काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "पन कोनीच देत नोतं. म्या एकट्यानं कसं द्यावं?"

पोलीस आले, त्या दोघा-तिघा तरण्या पोरांना घेऊन गेले. काकांचं नाव कुणी घेतलं नाही. आठ दिवसांत शाळेची घंटा, दळण, भजन, सगळं पूर्ववत झालं. मी बदली मागून घेतली.

निघाले त्या दिवशी माझी पेटी काकांनीच खांद्यावर घेतली. थांब्यावर गावातली पाच-सहा माणसं एसटीची वाट पाहत होती. काकांबद्दल माझ्या मनात अजून माया होती, हे मी लपवणार नाही. म्हणूनच न बोलता मला जाववेना. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "काका, तुम्ही त्याला पाणी द्यायला हवं होतं. एकट्यानं."

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते थांब्यावरच्या माणसांकडे बघू लागले. आधी एकाच्या तोंडाकडे, मग दुसऱ्याच्या, मग पुढच्याच्या. या बोलण्यावर काय म्हणायचं असतं, ते तिथे सापडेल म्हणून. कुणीच काही बोललं नाही. मग काकाही बोलले नाहीत.