स्थिर पातळीची विहीर

अंधारात एक हात वर व्हायचा आणि आवाज यायचा, "थांबवा जरा. मागं घ्या."

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवला जातो. मी ते दाखवणाऱ्या मंडळाचा चिटणीस, म्हणजे खुर्च्या मांडणारा, पाहुण्यांना बसस्टँडवरून आणणारा आणि शेवटी आभार मानणारा. पडद्यावर कृष्णधवल नायिका विहिरीच्या काठावर उभी असायची, मागे सारंगी कळवळत असायची, बायांनी पदर डोळ्यांना लावलेला असायचा आणि नेमका तेव्हाच तो हात वर जायचा. मी निमूटपणे चित्र मागे घ्यायचो. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

"आठ वेळा दोर ओढला तिनं. एका ओढीत दोन हात. सोळा हातावर पानी हाये हिच्या विहिरीले, अन् दुष्काळ म्हनून रडून राह्यली."

सभागृह हसायचं. हात वर करणारे भाऊ हसत नसत. एकदा नायक दुथडी भरलेली नदी पोहून नायिकेला भेटायला निघाला, तर भाऊंनी काठावरच्या पळसाची फुलं दाखवली. "फागुन हाये हा. फागुनात एवढं पानी कुठून आनलं यायनं?" तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच. त्याच्यासोबत चित्रपट नीट पाहता येत नाही, आणि तो आला नाही तर आपणच दाराकडे पाहत बसतो.

त्यांना सगळे टेपवाले भाऊ म्हणत. विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. ठरलेल्या गावांत, ठरलेल्या विहिरीवर वर्षातून चारदा जायचं, टेप सोडायचा, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं, एवढंच काम. पण चिमूरकडच्या जंगलापासून एटापल्लीपर्यंत त्यांच्या इतक्या बदल्या झाल्या होत्या, की कोणत्याही गावाचं नाव काढलं की ते माणसांआधी विहीर सांगत. माझ्या सासुरवाडीचं नाव ऐकून म्हणाले होते, "चांगलं गाव. उन्हाळ्यात सहा मीटर." सासऱ्यांबद्दल एवढं नेमकं मलाही कधी बोलता आलं नाही.

मग आमच्या अध्यक्षांना कल्पना सुचली. नुसता चित्रपट दाखवला तर करमणूक होते, सोबत परिसंवाद ठेवला तर समाजकार्य होतं आणि पेपरात फोटो येतो, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळावरचा एक जुना चित्रपट आणि त्यानंतर आपल्या भागातल्या पाण्याची चर्चा, असा बेत ठरला. तज्ज्ञ म्हणून भाऊंच्याच जुन्या खात्यातले एक साहेब आले. व्यासपीठावर चार माणसं आणि सहा सीलबंद बाटल्या होत्या. श्रोत्यांसाठी मागे एक माठ होता, तो मध्यंतरातच कोरडा पडला. पाण्यावरच्या परिसंवादाला लोक तहानलेले बसले, याकडे अध्यक्षांचं लक्ष मी वेधलं. "म्हणजे विषय नीट पोचतोय," ते म्हणाले.

साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवले. सगळ्या रेषा खाली खाली जात होत्या. एकच रेषा आडवी होती. चिमूर रस्त्यावरच्या एका गावची ती विहीर. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचं आधीच पुष्कळ झालंय. "पाहा," साहेब म्हणाले, "वर्षानुवर्षं स्थिर पातळी. याच्याच भरवशावर तिथली नळयोजना झाली आणि आता दुसरी मोठी योजनाही तिथेच प्रस्तावित आहे."

हात वर गेला. "थांबवा जरा. मागं घ्या."

मला वाटलं, आता आलेखातही दोर मोजणार. भाऊ उभे राहिले होते, आणि खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"तो आकडा माझा हाये, साहेब. मीच लिवला."

साहेब आनंदले. अशा निष्ठावान कर्मचाऱ्यांमुळेच खातं उभं आहे, वगैरे म्हणाले. अध्यक्षांनी प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली जादाची शाल बाहेर काढायला लावली. टाळ्यांत भाऊंना वर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि माइक समोर आला तेव्हा ते म्हणाले, "खोटा हाये तो. मी त्या विहिरीवर गेलोच नाई."

अध्यक्ष लगेच उठले. "हा भाऊंचा विनय आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. चाळीस वर्षं सभा चालवलेला माणूस तो. आग लागली असती तरी त्याने तिला दीपप्रज्वलन म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ शाल परत द्यायला माझ्या घरी आले. चहा समोर ठेवून सगळं सांगितलं. "पहिल्या खेपेले खरंच वाघीन होती रस्त्यावर, पिल्लं घेऊन. मी अर्ध्यातून फिरलो. घरी बसून मागच्या वर्षीचा आकडा घेतला अन् वीस सेंटिमीटर खाली केला. तोच लिवला असता तर साहेबाले शंका आली असती नं. दुसऱ्या खेपेले वाघीन नोती, पन सवय झाली होती." दोन वर्षं असं चाललं. त्यांच्या जागी आलेल्याने त्यांचाच आकडा पुढे नेला. योजना झाली, टाकी उभी राहिली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नळातून हवा आली. "आता दुसरी टाकी बांधून राह्यले. ते थांबलं पाहिजे. मले जे व्हायचं ते होवो."

अर्ज मी लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे, एवढाच माझा पराक्रम. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो सर्वांत खरा कागद असेल. महिन्याभराने उत्तर आलं. आपण सेवानिवृत्त असल्याने आपल्याकडून नोंदीबाबत खुलासा मागवण्याचा प्रश्न उद्भवत नाही, तसेच संबंधित नोंदी तपासल्या असता त्या नियमित व योग्य आढळल्या. भाऊंनी तो कागद दोनदा वाचला. "नोकरीत होतो तवा माह्या एकाही आकड्यावर या लोकायचा विश्वास नोता," ते म्हणाले. "आता खोट्यावर बसला."

मग ते साहेबांना जाऊन भेटले. मी सोबत होतो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं, "भाऊ, प्रस्ताव वर गेलाय. आता आकडा बदलला तर सगळं पहिल्यापासून. गावाला पाणी मिळतंय, ते तुम्ही अडवणार का?" भाऊ म्हणाले, "कुठी हाये पानी?" साहेब म्हणाले, "योजनेत."

उरलं गाव. निदान तिथे तरी तोंडाने सांगून मोकळं व्हावं म्हणून भाऊ एका सकाळी माझ्या स्कूटरवर बसून निघाले. विहिरीवर चार-पाच बाया होत्या. विहीर जवळजवळ कोरडी होती आणि बाया तळच्या झऱ्याचं पाणी साचायची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी पहिली टाकी, तिच्यावर 'पाणी हेच जीवन', आणि तिच्या बाजूला दुसरीसाठी खणलेला खड्डा. भाऊंनी चपला काढल्या, हात जोडले आणि जे मला सांगितलं होतं तेच वाघिणीसकट सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनाही तेच वाटत असावं. बहुतेक त्याच्यासाठीच ते आले होते.

एक वयस्कर बाई कळशीवर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी आले का भाऊ इतक्या दूर? तुमी खरं लिवलं असतं तरी टाकी इथीच झाली असती. जागा पुढाऱ्याच्या शेताले लागून हाये नं. पहिले टाकी ठरली, मंग विहीर पाह्यली." मग तिने त्यांना सावलीत बसवलं आणि घरून तांब्याभर पाणी आणवलं. भाऊ तांब्याकडे बघत राहिले. बाई म्हणाली, "प्या ना. काऊन लाजता?"

परतताना एका नाल्यापाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. रडत होते. "इतकी वर्सं वाटे, माह्यामुळं झालं," ते म्हणाले. "माह्या खोट्यालेही कोनी इचारलं नाई." गुन्हा माफ झालेल्या माणसाची समजूत घालता येते. गुन्हा मोजलाच गेला नाही त्याला काय सांगणार? मी रुमाल दिला आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी ते मला फार आवडले, आणि हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते स्वतःचा टेप घेऊन त्या गावी जायला लागले. बस मिळाली तर बसने, नाहीतर माझ्या मागे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वही मागत नव्हतं. मोजायचे, आकडा मोठ्याने वाचायचे आणि बायांना सांगायचे. मे महिन्यात मी सोबत होतो. टेपचं टोक वर आलं ते कोरडं. "निरंक," ते म्हणाले, आणि तारीख टाकून वहीत लिहिलं. नंतर त्यांनी मलाही वाकून पाहायला लावलं. "तुमीही पाहा. साक्षीदार असलेला बरा."

दिवाळीनंतर ते गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. मुलगा पुण्याहून आला, त्याने घर आवरलं, टेप आणि वही कुणाला द्यायची म्हणून मलाच दिली.

यंदा पुन्हा परिसंवाद झाला. चित्रपट दुसरा होता, बाटल्या आठ होत्या, साहेब तेच. चित्रपट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही न थांबता चालला. मग आलेख आले. ती आडवी रेषा आणखी एक वर्ष पुढे गेली होती. त्याच मे महिन्याच्या जागी ठिपका होता आणि ठिपक्याखाली पातळी छापलेली होती, सहा मीटर पंचवीस सेंटिमीटर. दुसऱ्या टाकीच्या उद्घाटनाचा फोटोही दाखवला. त्या दिवसापुरती ती टँकरने भरली होती, हे साहेबांनीच हसत हसत सांगितलं.

अध्यक्षांनी मला खूण केली. मी उठलो, माइक हातात घेतला. भाऊंची वही माझ्या पिशवीत होती. त्या मे महिन्यात मी त्या विहिरीत स्वतः वाकून पाहिलं होतं. तळाशी भेगाळलेला चिखल होता आणि एक फुटकी बादली. समोरचे लोक घरी जायच्या घाईत होते. मी साहेबांचे, अध्यक्षांचे आणि उपस्थित रसिकांचे आभार मानले आणि खाली बसलो.