पुंजारामची दुसरी टाकी

रिबिटीचे खिळे न ठोकता नुसत्या वेल्डिंगनं लोखंडी टाकी जोडणारा माणूस तेव्हा अख्ख्या अकोल्यात आम्हाला एकच ठाऊक होता, पुंजाराम. सन अडतीसची गोष्ट. त्याच्या टाकीतून थेंब गळेल तर शपथ! पण वामनरावांच्या कापसाच्या जिनात त्यानं उभी केलेल्या टाकीचं पाणी खुद्द त्याची बायको पार्बताबाई तोंडाला लावत नसे. त्याच जिनात ती कापूस निवडायला यायची, ती दीड कोस घरच्या पाण्याची घागर कमरेवर घेऊन. मी तिथला कारकून, रोज ऐकायचो. "तुया टाकीत पानी कमी अन् गाळ जास्त. मांगच्या उन्हाळ्यात पोट धरून पडली होती मी!"

बाई खरं बोलत होती. निचऱ्याचा नळ टाकीच्या बाजूला, तळापासून चार बोटं वर. कितीही धुवा, चार बोटं चिखल आतच. नळ तिथं लावायला वामनरावांनीच सांगितलं होतं, पण बोलणी खायची पुंजारामनं. बिचारा चारचौघांत मान वर करीत नसे.

वामनरावांनी दुसरी टाकी सांगितली, तेव्हा त्यानं खडूनं फरशीवर दोन टाक्या काढल्या. एकीचा नळ बाजूला. दुसरीचा तळ मधोमध वाटीसारखा खोलगट, नळ त्या वाटीतून खाली, आणि टाकी विटांच्या ओट्यांवर उंच. "हे दुसरी करू," तो म्हणाला.

वामनराव भडकले. "नव्या भांड्याच्या तळाले भोक? मसनातल्या मडक्याले भोक पाडतेत, पुंजाराम! अभद्र काहून बोलून राह्यला? नळ बाजूनंच."

मालकापुढं पुंजाराम कधी ब्र काढत नसे. त्या दिवशी काढला. "मालक, तुमी दर सोमवारी अभिषेक करता. महादेवाच्या पिंडीवर गळतीचा तांब्या टांगता, त्याले भोक कुठं असते जी?"

सगळे कान टवकारून उभे. वामनराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "पाड लेका भोक."

महिनाभरात टाकी उभी राहिली. पहिल्यांदा धुवायची वेळ आली, तेव्हा बाया बघायला जमल्या. खालचा नळ सोडला तसा गाळ भसाभस निघाला, मागं तळ लख्ख. पार्बताबाई शिडी चढली, आत डोकावली, उतरली आणि तडक कापूस निवडायला जाऊन बसली. मला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसला होता. बाया आल्या. पार्बताबाई हात हलवीत आली. कमरेवर घागर नव्हती.