‘खंय’ न विचारणारा जनू

जनू गेल्याची बातमी पेढीवर आली तेव्हा शेठ चहा पीत होते. निरोप आणणाऱ्याला त्यांनी कधी, कशाने, काही विचारलं नाही. बशीतला उरलेला चहा संपवला, मिशी पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तेच्या घराकडे आपले हेडफोन आसतले. बारावा झाला काय घेवन ये." मी या पेढीवरचा कारकून. "होय," म्हटलं. मला त्या क्षणी शेठची किळस आली, हे खरं आहे. पण गेली कित्येक वर्षं त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी "होय"च म्हणत आलो आहे, आणि त्या ‘होय’ची किळस त्याहून जुनी आहे.

पुढच्या आठवड्यात पेढीच्या वखारीत शोकसभा झाली. मासळीचा वास मारण्यासाठी उदबत्त्या लावल्या होत्या. शेठ कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "जनार्दन आमच्या पेढीचा कान होता." लोकांनी माना डोलावल्या. यातल्या निम्म्यांनी जनूच्या दारावरून जाताना थुंकणं कधी चुकवलं नव्हतं. सभेनंतर कॉफी दिली. तीही मी प्यायलो.

जनू दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या बिनतारी विभागात होता. परत मालवणात आला तो बाजारात रेडिओ दुरुस्त करत बसला. साठच्या आसपास शेठनी मासेमारीची लाँच घेतली, तेव्हा जनूनेच मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईतले दोन वायरलेस संच शोधून आणले. परवान्यासाठी मुंबईच्या कचेरीत चार खेपा घातल्या, एक संच लाँचवर आणि एक पेढीच्या मागच्या खोलीत बसवला. बॅटऱ्या बर्फाच्या कारखान्यातल्या इंजिनावर भरून आणायच्या. शेठना यातलं एकच कळलं होतं: आपली सुरमई किती, हे बंदरावरच्या बाकी व्यापाऱ्यांच्या आधी आपल्याला कळणार.

पण पहिल्याच दिवशी सगळं अडलं. पलटणीतल्या शिस्तीप्रमाणे जनूने आधी ठिकाण विचारलं, "गोपाळा, खंय आसस?" गोपाळ तांडेल, म्हणजे लाँचचा नाखवा, त्याने संचाचं बटणच बंद केलं. दर्यावर निघालेल्या माणसाला ‘खंय’ म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटतं, असं त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. घरून निघताना बायकोसुद्धा "येतास मा?" एवढंच म्हणायची. शेठ खूप हसले. जनू हसला नाही. संध्याकाळी तो गोपाळच्या घरी गेला आणि दोघं अंगणात बसून किनाऱ्यावरच्या खुणा घोकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून जनू विचारायचा, "काय दिसता रे गोपाळा? बोल, ऐकतंय." मग घरघरत उत्तर यायचं, "देवळाचो कळस दोन माडांमधी इलो. पाठसून डोंगराची शेंडी." जनूला तेवढ्यात लाँच कुठे आहे ते समजायचं. माशाच्या खोक्याचं एक झाकण घेऊन त्याने त्यावर रंगाने लिहिलं, ‘खंय विचारू नये’, आणि ती पाटी संचाच्या वर ठोकली.

दुपारच्या वेळी खलाश्यांच्या बायका मागच्या खिडकीशी यायच्या. जनू एका कानावरचा हेडफोन बाजूला करून सांगायचा, "बरे आसत गो, जेवतत." त्या हसत परत जायच्या. शेठनी ते बंद करवलं. "ह्यां काय देवूळ आसा, कौल घेवक?" म्हणाले. खिडकीला खिळे मारायचं काम मी सुताराकडून करून घेतलं. जनू माझ्याकडे नुसतं बघत राहिला... ती नजर मी विसरलो असं पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं.

दिवाळीनंतरची ती दुपार. आकाश नुसतं मळकट होतं, पण गोपाळचा आवाज आला, "डोंगर दिसणा नाय. वारो फिरलो. येव काय?" जनूने तोंडाशी बोलायचं यंत्र धरलं, एवढ्यात शेठ आत आले. कोल्हापूरला मासळी न्यायची गाडी बाहेर उभी होती, अर्धी भरलेली. "आजून एकदा जाळा मारूंदेत. मगे येवंदेत."

"वारो फिरलो, शेठ. मी तेंका बोलावतंय."

"मी सांगतंय तां सांग."

"मी तसा सांगूचंय नाय," जनू म्हणाला. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीवरून उठला. आयुष्यात त्याने केलेला हा एवढाच फणकारा. शेठनी यंत्र उचललं, बटण दाबलं आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या पाटीखाली उभं राहून विचारलं, "खंय आसस रे, गोपाळा?"

पलीकडे खट्ट झालं. गोपाळने संच बंद केला होता.

जनूने शेठना ढकलून यंत्र हिसकावलं. अंधार पडेपर्यंत तो एकच बोलत होता. "गोपाळा, परत ये. ऐकतंय... गोपाळा, परत ये. ऐकतंय." ऐकायला कोणी नव्हतं. परतीचा निरोप मिळाला असता तर ते तसेच फिरले असते. पण ‘खंय’ ऐकल्यावर आता संच उघडायचाच नाही, आणि निरोपाशिवाय परत जायचं तर निदान आणखी एक जाळं मारून, असं लाँचवर ठरलं. येताना लाँच खडकावर गेली. गोपाळ बाकीच्यांबरोबर पोहत किनाऱ्याला लागला. लाँचवरच असलेला त्याचा धाकटा भाऊ लागला नाही.

मामलेदार कचेरीतून अंमलदार चौकशीला यायच्या आधी शेठनी मला ती पाटी काढायला सांगितली. मी काढली. अंमलदाराने विचारलं, "यंत्र कोण चालवत होतं?" मी म्हणालो, "जनार्दन." यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. त्या संचावर सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येत. गोपाळने तो आवाज जनूचाच धरला. जनू भेटायला गेला तर उंबऱ्यावरच म्हणाला, "तुका ठावक होता. तरी इचारलंस." जनू आल्या पावली परत आला.

"सांग ना त्याला," मी एकदा म्हटलं. हे म्हणायला माझी जीभ कशी रेटली, देव जाणे. जनू म्हणाला, "संच माझो. तेच्यावरसून गेलेलो शब्द माझो. मी खुर्चेवरसून उठूक नको होतंय." पेढी त्याने सोडली; हेडफोन तेवढे त्याच्याकडेच राहिले. पण बाजारातही त्याच्याकडे रेडिओ येईनासे झाले. अपशकुनी म्हणून कोळीवाड्यातल्या बायका त्याला पाहून पदर ओढून वाट बदलायच्या. त्या खिडकीशी यायच्या त्याच बायका. मी मूग गिळून पेढीवर बसलो. शेवटी साध्या तापाने तो गेला.

बाराव्यानंतर हेडफोन आणायला गेलो. जनूच्या बहिणीने ते धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. म्हणाली, "शेठांचे आसत, परत देवचे आसत, म्हणान तो सांगी." तिथून घरी आलो, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली पाटी काढली आणि गोपाळकडे गेलो. तेव्हा भिंतीवरून काढली होती, पण फेकून द्यायचा धीर झाला नव्हता. गोपाळ अंगणात जाळं शिवत होता. त्याला वाचता येत नाही, म्हणून पाटी वाचून दाखवली. मग त्या दुपारचं सगळं सांगितलं, शेठनी यंत्र उचललं तिथपासून.

"म्हणजे तो जनू नव्हतो?"

"नाय. शेठ होते."

गोपाळने दोन-तीन गाठी मारल्या. मग हात थांबवला. उभ्या आयुष्यात जो शब्द तो टाळत आला होता, तोच वापरून तो म्हणाला, "आणि तू खंय होतस?"

"थंयच," मी म्हणालो. "दाराकडे."

त्याने पाटी माझ्या हातातून घेतली, पंच्याने पुसली आणि आत नेऊन भावाच्या फोटोशेजारी ठेवली. मला बस म्हणाला नाही.

हेडफोन अजून माझ्याकडेच आहेत. शेठ रोज सकाळी विचारतात, "खंय ठेवलंस ते?" मी उत्तर देत नाही. हे छापून आलं की त्यांना विचारावं लागणार नाही.