नंबरबाईंनी हॉल लावला

नंबरबाईंना कोणी तोंडावर नंबरबाई म्हणत नाही, पण आपल्याला मागून काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दाताच्या दवाखान्यात दाराशेजारच्या टेबलामागे बसून त्यांनी उभा जन्म पेशंटांना नंबर दिले. कोण खरोखर कळवळतंय आणि कोण नुसता पुढे घुसायला गाल धरून आलाय, हे माणूस दारात असतानाच त्यांना कळायचं. आणि येईल त्याला एकच वाक्य: "बसा, बोलावते." हे वाक्य जिभेला इतकं चिकटलं होतं, की नोकरी संपल्यावर घरी भाजीवाला आला तरी बाई म्हणायच्या, "बसा, बोलावते." तो बिचारा बसायचाही.

तर या बाईंच्या लेकाने काय केलं, शेजारचं घर विकत घेतलं, मधली भिंत पाडली आणि दोन खोल्यांचा एक हॉल करून टाकला. हॉल कसला, मैदानच ते. लेक राहतो दुसऱ्या गावी. "पुढेमागे आम्ही येऊच ना राहायला," असं म्हणून तो निघून गेला. पुढेमागे हा वार कुठल्याच आठवड्यात येत नाही, हे बाईंना कळत नव्हतं थोडंच? यजमान जाऊनही बरीच वर्षं झालेली. आधी एका छोट्या घरात एकट्या होत्या, आता एका मोठ्या घरात एकट्या झाल्या.

पण एक आशा होती. वन्सं. म्हणजे बाईंच्या थोरल्या नणंद. वन्संची जुनी इमारत पाडायला काढली होती आणि त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, निवृत्त बायकांचं एक निवास होतं, तिथे त्यांच्या दोन मैत्रिणी आधीच जाऊन राहिल्या होत्या. दुसरी, वहिनीचं घर. "आठ दिवस राहून बघते, मग काय ते सांगते," असं वन्संनी फोनवर सांगितलं आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. वन्सं म्हणजे तोंडाचा पट्टा. त्या घरात असल्या की रेडिओ लावावा लागत नाही. यजमान गेले तेव्हा वन्सं येऊन राहिल्या होत्या आणि दिवसभर अखंड बडबडत होत्या. त्या बडबडीच्या आधारानेच बाई तेव्हा उभ्या राहिल्या. आता त्या कायमच्या आल्या तर बाईंना आणखी काही म्हणजे काहीच नको होतं.

म्हणून हॉल झकास लावायचा ठरला. लेकाने फोनवर अक्कल शिकवली, "आई, एवढ्या मोठ्या जागेचे वेगवेगळे भाग पाड. एक गप्पांचा, एक जेवायचा, एक वाचायचा."

भाग? भाग पाडायला बाईंना कोणी शिकवायला नको होतं. दवाखान्यातही तीन भाग होतेच: नवे पेशंट, जुने पेशंट आणि लहान मुलं. बाईंनी पदरची अक्कल वापरून एका दुपारात काम उरकलं. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या. सोफा समोरच्या भिंतीला. जेवणाचं टेबल तिसऱ्या भिंतीला चिकटवून. मधे सगळं मोकळं, म्हणजे जाता-येता कोणाच्या पायात पाय नकोत. टीपॉयवर जुन्या मासिकांचा गठ्ठा. आणि दाराशेजारी एक छोटं टेबल आणि एक खुर्ची, ती बाईंची स्वतःची.

आता तुमच्या-माझ्या लक्षात येईल काय झालं ते. बाईंच्या नाही आलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नवा हॉल बघायला आले, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले, एक मासिक उचललं, हळू आवाजात हवापाण्याचं बोलले आणि बाईंनी सहज वर बघितल्याबरोबर उठून उभे राहिले. या इमारतीत माणसं अगदीच मितभाषी आहेत, असं बाईंनी ठरवून टाकलं.

वन्सं आल्या. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बसा, बोलावते."

"कुणाला बोलावतेस? मीच आलेय," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या. सुरुवात तर छान झाली.

पण वन्सं बसल्या सोफ्यावर आणि बाई आपल्या खुर्चीत, मधे ते मैदान. वन्संनी एक किस्सा काढला. अर्धा इकडे पोचला, अर्धा वाटेतच राहिला. "काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. "काही नाही गं, असंच," वन्सं म्हणाल्या. असं चारदा झालं की कुणाचाही उत्साह मावळतो. दुसऱ्या दिवशी वन्सं मासिकं चाळायला लागल्या. मग पर्स मांडीवर घेऊन बसायला लागल्या. आणि एका दुपारी जेवायच्या वेळी म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही घ्या ना आधी."

तुम्ही!

लग्न होऊन आल्यापासून वन्संनी बाईंना कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. रागावल्या तरी तू, लाडात आल्या तरी तू. तुम्ही म्हणतात ते परक्याच्या घरी. वन्सं पाहुण्यासारख्या वागायला लागल्या होत्या आणि पाहुणा म्हटला की तो जायचाच.

त्याच संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात होत्या आणि वन्सं निवासातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. कान देऊन ऐकायचा बाईंचा स्वभाव नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"घर चांगलं आहे गं," वन्सं सांगत होत्या. "वहिनी तर फार जीव लावते. पण इथे बसलं की माझे दात दुखतात. अगं कवळी आहे मला, तरी दुखतात. सारखं वाटतं, आतून कुणीतरी पुकारणार आता. बहुतेक मी तुमच्याकडेच येते."

बाईंचा पारा असा चढला म्हणता! दात दुखतात म्हणे. एवढं मेलं राब राब राबले, पडदे धुतले, आणि यांचे नसलेले दात दुखतात. तरातरा त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. समोर भिंतीला टेकून ओळीने खुर्च्या. मासिकांचा गठ्ठा. आणि लांब सोफ्यावर, मांडीवर पर्स धरून, एकटं बसलेलं एक म्हातारं माणूस. बाईंनी कपाळाला हात लावला. घराचा दवाखाना करून ठेवला होता त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं फिरायला बाहेर पडल्या आणि बाईंनी कंबर कसली. सोफा ओढत मधे आणला, बसून बघितलं. दार पाठीमागे आलं. बाईंची मान आपोआप मागे वळली. सोफा फिरवला, पुन्हा बसल्या. आता दार बाजूला, तरी मान वळतेच. दाराकडे पाठ करून बसायची सवयच नव्हती हो त्यांना, जिवाला कशी ती स्वस्थता मिळेना. मग टेबल सरकवलं, कपाट ढकललं, खुर्च्या इकडच्या तिकडे केल्या, आणि शेवटी सोफा आडवातिडवा अडकला, टेबल त्याला भिडलं, कपाट टेबलाला भिडलं आणि बाई त्या तिघांच्या मागे कोंडल्या गेल्या. ना इकडून वाट, ना तिकडून.

एवढ्यात लोटलेलं दार उघडून वन्सं आत आल्या. त्यांनी हॉल बघितला, सोफ्यामागे घामाघूम झालेली वहिनी बघितली आणि पर्स सरळ जमिनीवर टाकली.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "कपाट धर तिकडून. माझ्याकडे ढकल. अगं माझ्याकडे, भिंतीकडे नाही."

मग दोघींनी मिळून असा काही धुडगूस घातला की खालच्या घरातून विचारणा आली. कपाट आडवं लावून त्याच्यामागे पुस्तकांचा कोपरा झाला. जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या तोंडाशी गेलं. सोफा आणि दोन खुर्च्या खिडकीपाशी आल्या, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागावा. फक्त बाई कुठे बसणार, यावर घोडं अडलं.

"मला दार दिसायला हवं," बाई म्हणाल्या.

"कशाला? कोण येणारे?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "तरी बघते मी."

वन्सं हातातली खुर्ची तशीच धरून उभ्या राहिल्या. जन्मभर बाईंनी माणसांना थांबायला सांगितलं, पण दवाखान्यात थांबणाऱ्या प्रत्येकाला सुटायची घाई. राहा असं कोणाला कधी म्हणावंच लागलं नव्हतं, त्यामुळे ते म्हणायचं कसं हेच त्यांना माहीत नव्हतं. जमलं तसं म्हणाल्या.

"वन्सं, मला एकटीला नाही हो करमत. तुम्ही राहा इथे. जाऊ नका."

वन्संनी खुर्ची दार दिसेल अशी खाली ठेवली. "वेडीच आहेस. एवढं म्हणायला सगळा हॉल उलटापालटा केलास होय? पहिल्या दिवशीच म्हणाली असतीस तर माझी कंबर तरी वाचली असती." मग डोळे पुसले, आधी स्वतःचे, मग त्याच रुमालाने वहिनीचे, आणि मैत्रिणीला फोन लावला. "मी येत नाहीये गं. इथे माझ्यावाचून अडलंय."

फोन ठेवल्याठेवल्या त्यांनी फर्मान सोडलं की सोफा खिडकीपाशी शोभत नाही, तो परत हलवायचा. बाई म्हणाल्या, मुळीच हलवायचा नाही. त्या सोफ्यावरून दोघी दुपारपर्यंत कडकडून भांडल्या आणि जेवायला उशीर झाला.