एका दिवसासाठी उसनी गाय

‘ॲडजस्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ बीडच्या कॉलेजात आम्हाला ‘जुळवून घेणे’ असा शिकवला. शिकवणाऱ्या सरांनी आमचं गाव पाहिलं नसावं. आमच्याकडे हे क्रियापद बोलणारा एक असतो आणि करणारा दुसराच. एसटीत तिघांच्या बाकड्यावर चौथा येऊन टेकतो आणि वर आपल्यालाच सांगतो, ॲडजस्ट करा. सोयरिकीत नवरा मुलगा सांगितल्यापेक्षा थोराड निघतो, तेव्हा तर अख्खी भावकी मुलीला हे इंग्रजी शिकवायला बसते.

पण या शब्दावर खरं प्रभुत्व आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनांचं. दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी काढली. आमची गाय गाभण होती, घरचा कडबा संपला होता, आणि ती पावसाळ्यापर्यंत जगते की नाही याचाच आईला घोर लागला होता. आई गाय घेऊन छावणीवर गेली, तर चेअरमन म्हणाले, “जागा न्हाई, वहिनी. घरीच ॲडजस्ट करा.” जागा होती. वडिलांनी निवडणुकीत त्यांच्या पॅनेलचं काम केलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

मग एके सकाळी चेअरमन स्वतः आमच्या दारात हजर. तपासणीला साहेब येणार होते आणि सरकारला सांगितली तेवढी जनावरं छावणीत नव्हती. ज्यांना हाकलून दिलं, त्यांचीच गुरं आता उसनी हवी होती.

“एक दिवस गाय द्या, वहिनी. तेवढं ॲडजस्ट करा.”

माझा नुसता संताप झाला. तोंडाला येईल ते बोलणार होते, पण आईनं मला गप्प केलं, गाय सोडली आणि काखेत वळकटी मारून निघाली. मीही मागोमाग गेले. वळकटी कशाला, हे विचारायचं चेअरमनांना सुचलं नाही.

छावणीत साहेबांनी आमच्या गाईच्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवला. तिच्यापुढं उसाच्या हिरव्या वाढ्यांचा भारा पडला होता आणि ती मान वर न करता खात होती. साहेब ऑफिसात चहाला वळले, तशी उसनी गुरं परत धाडायची घाई सुरू झाली. आईनं गाईशेजारी वळकटी पसरली आणि बसली.

“आप्पा,” ती चेअरमनांना म्हणाली, “आता आमी हितंच ऱ्हातो. का साहेबाला इचारू?”

चेअरमनांनी ऑफिसच्या दाराकडं पाहिलं. “बरं, ऱ्हावा. पर तुमची एकच. एक खुंटा, एकीचाच चारा. बाकीच्यांनी आपापली न्यावी.”

शेजारच्या खुंट्याला बौद्धवाड्यातल्या एका म्हाताऱ्याची गाय होती. तीही उसनीच आणलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ते तिचं दावं सोडायला लागले. मला ते बघवेना.

आई उठली. “मामा, थांबा,” म्हणून तिनं त्यांच्या हातातलं दावं घेतलं आणि आमच्याच खुंट्याला बांधलं. भारा मधोमध ओढला. आमची गाय शिंगं उगारायला लागली, तशी आईनं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

“सरक की गं बाई. तिलाबी पोट हाय.”

गाय सरकली. पावसाळ्यापर्यंत दोघी अर्धपोटीच राहिल्या, पण राहिल्या.